साखर चालते ना?

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांना ताप भरला आणि आम्ही सगळे मदतीला धावलो. काकूंनी घरातली ६५० ची गोळी दिवसातून चारदा दिली. अंगदुखीवर म्हणून मी आयब्युप्रोफेनची जोडगोळी दिली, तीनदा. भाच्याने मेडिकलमधून सर्दीची आणली, तीही तीनदा. नावं वेगळी, रंग वेगळे. आत मात्र तिन्हींत पॅरासिटॅमॉल. नंतर हिशेब मांडला. काकूंचे २६००, माझे ९७५, भाच्याचे १५००. एकूण ५०७५ मिलिग्रॅम. धडधाकट माणसालाही दिवसाला ४००० च्या वर जाऊ देत नाहीत, आणि काका दोन दिवस नुसत्या पेजेवर होते.

पेजेचा मुद्दा लहान नाही. या औषधाचा बराचसा भाग यकृत मुकाट्याने निकामी करतं. थोडा अंश विषारी बनतो, त्याला ग्लुटाथिऑन नावाचं द्रव्य आवरतं. उपास, अशक्तपणा, रोजची दारू यांनी ते आटतं आणि विष यकृताच्याच पेशींवर उलटतं. तेही गुपचूप. पहिल्या दिवशी जरा मळमळ, मग बरं वाटू लागतं, खरा घाव दिसतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला; म्हणजे माणूस ठणठणीत दिसत असतानाच. (बोलताना आपण काळीज हृदयाला म्हणतो, कलेजी मागतो तेव्हा यकृत मिळतं. कळवळा आणि यकृत इतके शेजारी आहेत, हे मला उशिरा सुचलं.)

गोळीला बोल लावायचा नाही. मापात घेतली तर ती गुणीच आहे. आपल्याकडे यकृत अचानक निकामी होतं ते जास्त करून काविळीच्या विषाणूंनी आणि क्षयाच्या औषधांनी. अमेरिकेत मात्र अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे पॅरासिटॅमॉलचे असतात, आणि त्यांतल्या अनेकांनी फक्त दुखणं थांबावं म्हणून दोन-तीन औषधं एकत्र घेतलेली असतात.

मला टोचतो तो माझा हात. पाहुण्याच्या चहात साखर घालताना मी ‘चालते ना?’ असं हमखास विचारतो. गोळी देताना ‘आधी काय घेतलंत?’ हे तोंडातून निघालं नाही. विचारलं तर आपुलकीला उणेपणा येईल, असं काहीसं वाटलं असावं. देण्याचं समाधान इतकं झटपट मिळतं की घेणाऱ्याकडे नीट बघायचं राहून जातं.

ताप डेंग्यूचा निघाला. त्यात आयब्युप्रोफेन रक्तस्रावाच्या भीतीने टाळतात. म्हणजे माझी गोळी दोन्हीकडून चुकली. काकांच्या रक्तात यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी वाढलं होतं. ते डेंग्यूनेही वाढतं, त्यामुळे त्यात आमचा वाटा किती, हे ठरवायला मार्ग नव्हता. काका सावरले.

‘काय काय दिलंत?’ असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकूंनी पिशवीतून कात्रीने कापलेले पट्ट्यांचे चार तुकडे काढले. दोनांवर औषधाचं अर्धं नाव होतं. उरलेल्या दोनांवर नुसती किंमत.