विसार दिलेलें घर

आधार : यिर्मया ३२:६-१५



यरुशलेमेस बाबेलच्या फौजेचा वेढा पडला होता आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत होता. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हानामएल अनाथोथ येथील शेत विकावयास आला. शत्रूच्या टापांखालच्या त्या जमिनीस दुसरें कोण गिऱ्हाईक मिळणार? तरी संदेष्ट्यानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांदेखत खत केलें, आणि मोहरबंद व उघडें अशीं दोन्ही खतें बारूखाकरवीं मातीच्या मडक्यांत ठेवविलीं.

आमच्या मंडळींतील एका बंधूनें एका विधवेच्या तीन खणी घराचा विसार दिला. त्या शब्दावर विसंबून तिनेंही लेकीच्या गांवीं एका खोलीचा विसार भरला. पुढें बंधूस सडकेलगत स्वस्त घर दिसलें. तो म्हणाला, “माझा विसार बुडतो ना? बुडूं द्या.” १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें केवळ विक्रीच्या करारानें मालकी बदलत नाहीं, आणि घेणारा कसूर करील तर बहुधा त्याचा विसार जातो, हें खरें. पण त्या विधवेचा बुडालेला विसार कोणत्या कलमानें भरून यावा?

प्रत्येक माघार पाप आहे असें मी म्हणत नाहीं. घरावरील बोजा लपविला असेल, भाऊबंदांचा हिस्सा दडविला असेल, तर खुशाल मागें फिरा व विसार परत मागा. परंतु हें आधीं पाहावें. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर-आकारणीचा आहे. तेवढ्यावरून मालकी ठरत नाहीं. कर्ज काढून घर घेणार असाल, तर कर्ज न मिळाल्यास विसार परत मिळेल, अशी अट पावतींतच लिहवून घ्या. बुरूज बांधणाऱ्यानें प्रथम बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें सांगितलेंच आहे. आणि घरांत दुखणें येऊन खरोखरच हात आखडला, तर मध्यस्थ न पाठवितां त्याच दिवशीं स्वतः मालकाच्या दारीं जावें.

पौलानें इफिसकरांस लिहितांना पवित्र आत्म्यास आपल्या वतनाचा विसार म्हटलें आहे. आमच्यासारखें पडकें घर पाहून देवानें त्या विसारावर पाणी सोडलें असतें, तर?

त्या बंधूनें अद्याप त्या विधवेच्या ओटीवर पाऊल ठेविलेलें नाहीं. येत्या रविवारीं प्रभुभोजन आहे. शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, आणि तिचें घर देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे.