चाकोरी आणि एकचित्त
(प्रेषितांचीं कृत्यें १:१४, ७:५७)

कंटाळवाण्या नित्यक्रमास नांवें देतांना आपल्या मराठी लोकांनीं शेताकडे व घाण्याकडे पाहिलें. ‘घाण्याचा बैल’ डोळ्यांस झापड बांधून दिवसभर चालतो, आणि संध्याकाळीं सकाळच्याच जागीं उभा असतो. (तेल मात्र त्याच्याच फेऱ्यांनीं निघतें, हें बोलणारा विसरतो.) ‘रहाटगाडगें’ भरतें, वर येतें, रितें होतें, पुन्हा खालीं जातें. ‘चाकोरी’ म्हणजे गाड्यांच्या चाकांनीं पडलेली वाट. ती चिखलांत उमटते व उन्हानें कठीण होते. मग गाडीवान पेंगला तरी बैल घर गाठतात. पण मागच्या गाड्या जेथें गेल्या तेथेंच ती नेते.

तर मग नित्यक्रम हा दोषच काय? दानीएल पाहा. राजाज्ञा निघाल्यावरही तो पूर्वीप्रमाणें दिवसांतून ३ वेळां गुडघे टेकीत असे. शत्रूंनीं त्यास धरिलें तें या नेमामुळेंच. आणि सिंहांच्या गुहेंत त्यास धीर पुरला तोही, माझ्या मतें, या नेमामुळेंच. प्रभु येशू शब्बाथ दिवशीं सभास्थानांत गेला तो आपल्या रीतीप्रमाणें, असें लूक सांगतो.

आतां दुसरा शब्द. मूळ ग्रीक भाषेंत ‘होमोथुमादोन’ असें एक क्रियाविशेषण आहे. ‘एका मनानें, एका आवेशानें’ असा त्याचा भाव. नव्या करारांत तें बहुतेक प्रेषितांच्या कृत्यांतच आढळतें. माडीवरच्या खोलींत शिष्य प्रार्थनेंत तत्पर राहिले, तेथें तो शब्द आहे. ते दररोज मंदिरांत जमत, तेथेंही आहे. हें आपण आनंदानें वाचतों. परंतु कान झांकून, ओरडत स्तेफनावर धांवून गेलेल्या जमावासही तोच शब्द लाविला आहे! इफिसांत लोक नाटकगृहांत घुसले तेथेंही तोच. तेथें सुमारें २ तास एकच घोष चालला, आणि आपण कशास जमलों हें बहुतेकांस ठाऊक नव्हतें.

प्रार्थना करणारे आणि धोंडे मारणारे यांस एकच शब्द. लूकानें तो जाणून घातला कीं सहज, या वादांत मी पडत नाहीं; तो आमच्यापुढें उभा आहे एवढें खरें. मंडळीच्या सभेंत एखाद्या घराशीं व्यवहार तोडावा, एखाद्या विधवेचा अर्ज फेटाळावा, असा ठराव येतो. पहिल्या बांकावरचा हात वर होतो, मग मागचे होतात, आणि वहींत ‘एकमतानें मंजूर’ असें लिहिलें जातें. हीही चाकोरीच. फूट पडली नाहीं म्हणून आपण समाधानानें घरीं जातों. कोणी एकानें हात खालीं ठेविला, तर त्यासच आपण फूट पाडणारा म्हणतों. शौलानें एकही धोंडा मारिल्याचें लिहिलेलें नाहीं. त्याच्या पायांजवळ इतरांचीं वस्त्रें होतीं आणि त्याची संमति होती. शास्त्रानें तेवढेंही नोंदून ठेविलें.

म्हणून पुढच्या सभेंत असा ठराव आला, तर आधीं त्या घरच्या माणसास समोर बसवून त्याचें ऐका, अशी माझी विनंति आहे. त्याच न्यायसभेंत त्यापूर्वीं प्रेषितांस ठार मारण्याचा विचार चालला असतां गमलियेल एकटा उभा राहिला व थांबा म्हणाला. फटके खाऊन कां होईना, प्रेषित त्या दिवशीं जिवंत बाहेर पडले.