नाही म्हणणारा माणूस

पुस्तक प्रकाशकाला द्यावे की आपले आपण काढावे, हा प्रश्न लग्न ठरवून करावे की पळून जाऊन, अशा जातीचा आहे. प्रकाशक दोन वर्षे हस्तलिखित ठेवून घेतो आणि म्हणतो, "सध्या कवितेला उठाव नाही हो!" स्वतः काढलंत, तरी उठाव तेवढाच, फक्त गठ्ठे तुमच्या पलंगाखाली येतात.

पण गंमत बघा. १९७६ साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' तिनेच छापली. १९७७ साली तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. म्हणजे घरचं पुस्तक कच्चंच असतं, असं काही नाही. मात्र तिथे कवी चार होते, हे विसरू नका! आणि एक कवी दुसऱ्याला उगाच 'वा' म्हणत नाही.

तेव्हा प्रश्न छापतो कोण हा नाहीच. "हे नको, फाडून टाक," असं तोंडावर सांगतो कोण, हा आहे. प्रकाशक ते स्वतःचा पैसा वाचवायला सांगतो, मित्र तुमची अब्रू वाचवायला. दोघेही नसले, तर उरतो आपण. आणि स्वतःला 'नाही' म्हणणारा लेखक अजून जन्मायचा आहे. म्हणून छापखाना नंतर शोधा, असा मित्र आधी. गठ्ठे पलंगाखाली राहिले, तरी वर झोप लागेल.