आडनाव काय तुमचं?

गोष्ट साधी आहे. मला खोली पाहिजे होती.

तालुक्याच्या गावी नोकरी लागली होती. चार दिवस दोस्ताकडे पथारी टाकली. पाचव्या दिवशी एका घरमालकाकडे गेलो. माणूस भला. बसा म्हणाला, पाणी दिलं. भाडं ठरलं. मग तंबाखू मळता मळता त्यानं सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी गावाचं नाव घेतलं आणि त्याला 'कर' लावला. आपल्यातल्या अनेकांनी असं केलंय, कागदोपत्री रीतसर केलंय. मी ते त्या क्षणी, जिभेवरच केलं. त्याचं समाधान झालं नाही. "तसं नव्हं, म्हंजे कुणापैकी?" मी हसलो. नुसता हसलो. त्या हसण्यातून त्याला जे समजायचं ते तो समजला आणि त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

दोन महिन्यांनी आई आली. तिनं भाकरीचं गठुडं सोडलं, चारी भिंतींकडं बघितलं आणि म्हणाली, "बाबासायब कुठं हायेत रं?"

मी ट्रंकेकडं बोट केलं.

ती काही बोलली नाही. ट्रंक उघडली, कपड्यांच्या घडीखालून फोटो काढला, पदरानं पुसला आणि फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई पाण्याची वेळ सांगायला आल्या, तेव्हा त्यांची नजर फळीवर गेली. आठ दिवसांत निरोप आला, भाचा शिकायला येतोय, खोली खाली करा. भाचा काही आला नाही. पुढं महिनाभर त्या खोलीला कुलूप होतं. मी जाता-येता बघायचो.

आमच्या अभ्यासवर्गात मी हे सांगितलं, तेव्हा वाद पेटला. एक म्हणाला, "तू खोटं बोललास तिथंच हरलास." दुसरा म्हणाला, "खोटं त्यानं बोलायला लावलं. दोष त्याचा." तिसरा परदेशी जायची तयारी करत होता. तो म्हणाला, "तिकडं असलं कुणी विचारत नाय. तिकडं माणूस नुसता माणूस असतो."

पहिल्या दोघांची भांडणं आपण रोज भांडतो. तिसऱ्याचं बोलणं मात्र डोक्यात घर करून बसलं. नाव विचारलं न जाणं म्हणजे समता काय? मी वाचायला लागलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. १९१३ ते १९१७ ते अमेरिकेत आणि लंडनमध्ये होते. आपण अस्पृश्य आहोत याचा तिथं विसर पडला होता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात उतरले आणि स्टेशनावरच प्रश्न उभा राहिला, मुक्काम कुठं करायचा? शेवटी पारशी लोकांच्या मुक्कामखान्यात त्यांनी पारशी नाव लावून जागा घेतली. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. बाबासाहेबांना बाहेर पडावं लागलं. गावात एक घर मिळालं नाही. संध्याकाळपर्यंत बागेत बसून त्यांनी गाडीची वाट पाहिली.

मित्रहो, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला खोलीसाठी नाव बदलावं लागलं. मग मी कोण? माझी लाज थोडी कमी झाली हे कबूल करतो. पण एक गोष्ट तेव्हाच टोचली. ज्या न्यूयॉर्कमध्ये आपल्या माणसाला मोकळा श्वास मिळाला, त्याच देशात त्याच वेळी काळ्या माणसाला अनेक राज्यांत वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ होता. अमेरिकेला महार हे नाव ठाऊक नव्हतं, म्हणून आपण सुटलो. तिला दुसरं नाव ठाऊक होतं. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या काळ्यांच्या विचारवंताला पत्र लिहिलं, ते दोन्ही दुःखांचं नातं ध्यानात घेऊनच.

तेव्हा आमच्या तिसऱ्या दोस्ताला पहिलं उत्तर हे: परक्या देशात तुझं नाव कुणी विचारत नाही, कारण ते त्यांना समजतच नाही. ती समता नव्हे, ते अज्ञान. त्या देशाची परीक्षा घ्यायची तर त्याला जे नाव समजतं, ते नाव लावलेल्या माणसाला विचार.

आता जपानला चला. हा देश बौद्ध, म्हणून आपल्याला जवळचा. तिथं कातडं कमावणारे, जनावरं सोलणारे, मढी उचलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर राहिले. त्यांना 'एता' म्हणत. त्या शब्दाची अक्षरंच मुळी 'पुष्कळ घाण' अशी आहेत. रंग तोच, भाषा तीच, धर्म तोच. आणि ऐका, काही देवळांतल्या भिक्षूंनी या माणसांच्या थडग्यांवर, मेल्यानंतर द्यायच्या नावात, 'जनावर' अशा अर्थाची अक्षरं कोरली. मेल्यावरही नाव सुटलं नाही. बौद्ध देश म्हटला की आपोआप समता आली, असं म्हणणाऱ्यांनी त्या दगडांपुढं घटकाभर उभं राहावं. धम्म आचरणात असतो, देशाच्या नावात नसतो.

१८७१ साली सरकारनं फर्मान काढलं. 'एता' हे नाव रद्द, सगळे सारखे. लगेच नवी कुटुंबनोंदणी आली, तर काही ठिकाणी कारकुनांनी यांच्या नावापुढं 'नवे सामान्यजन' असं लिहून ठेवलं. जुनं नाव गेलं आणि 'नवे' हीच खूण झाली. मग बापांनी पोरांना शिकवलं, कुठून आलास ते कुणाला सांगू नको. शिमाझाकी तोसोन यांची १९०६ सालची 'हाकाई' ही कादंबरी याच आज्ञेवर उभी आहे. तिच्यातला तरुण मास्तर बापाची आज्ञा पाळून जात लपवतो. लपवणं असह्य होतं तेव्हा शेवटी वर्गातल्या पोरांपुढं खरं सांगतो, पण सांगताना गुडघे टेकून माफी मागतो. मग देश सोडून टेक्ससला जायला निघतो. मी हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. त्यानं माफी कशाची मागितली? जन्माची?

१९२२ च्या मार्चमध्ये, महाडच्या पाच वर्षं आधी, क्योतोत या लोकांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभी केली. त्यांनी माफी मागितली नाही. ज्या नावानं शिव्या खाल्ल्या तेच नाव अभिमानानं घेतलं. त्यांच्या काळ्या झेंड्यावर लाल काट्यांचा मुकुट होता.

सभ्य जपानी माणूस मात्र म्हणत राहिला, झोपलेल्या पोराला उठवू नका. म्हंजे बोलू नका, नाव काढू नका, आपोआप विसरेल. १९६९ साली सरकारनं खास कायदा करून वस्त्यांत पैसा ओतला. घरं झाली, रस्ते झाले. हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. पण मधेच, १९७५ साली, एक भानगड उघडी पडली. या वस्त्यांच्या नावापत्त्यांची पुस्तकं गुपचूप छापून विकली जात होती आणि दोनशेच्या वर कंपन्यांनी ती विकत घेतली होती. नोकरीला येणाऱ्याचा पत्ता पुस्तकात बघायचा, सापडला की नकार. लग्नाआधी खासगी गुप्तहेर लावून घराणं खणून काढणं चालूच होतं. पोरगं झोपलेलं होतं कुठं? ज्यांनी ते झोपलंय असं सांगितलं, तेच उशाशी यादी घेऊन जागे होते.

१९८५ साली ओसाका प्रांतानं नियम केला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बुराकूपण शोधून काढणाऱ्या चौकशी करणाऱ्यांनाच त्या नियमानं चाप लावला. म्हणजे नाव लपवणाऱ्याकडं बोट न करता नाव विचारणाऱ्याची मानगूट पकडली. नाहीतर रोग जुनाच आहे. पुढं जुनी यादी इंटरनेटवर टाकणाऱ्यांवर खटला झाला आणि २०२३ साली तोक्योच्या उच्च न्यायालयानं भेदभाव न होण्याचा माणसाचा हक्क मान्य केला.

फ्रान्सचा रस्ता वेगळा. आम्ही फक्त नागरिक ओळखतो, वंश मोजत नाही, असं ते राष्ट्र म्हणतं. ऐकायला गोड आहे. पण नोकरीच्या अर्जावर अरबी नाव दिसलं की अर्ज बाजूला पडतो, हे तिथंही सगळ्यांना ठाऊक. म्हणून २००६ साली कायदा केला, मोठ्या कंपन्यांनी अर्जावरचं नाव झाकून निवड करावी. २००९-१० मध्ये स्वखुशीनं पुढं आलेल्या कंपन्यांत प्रयोग झाला. निकाल उलटाच लागला. नाव झाकल्यावर परदेशी मुळाच्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. अभ्यासकांनी एक कारण असं सुचवलं की नाव दिसत होतं तेव्हा एखादा मालक समजून घ्यायचा, याची मधली वर्षं का रिकामी आहेत, याला वाट किती खडतर होती. नाव झाकलं आणि खड्डे तेवढे उघडे राहिले. २०१५ साली ती सक्ती सोडून दिली. नाव पुसलं की इतिहास पुसला जात नाही, फक्त त्याचं कारण दिसेनासं होतं.

अमेरिकेत काळ्या माणसाला कातडी ट्रंकेत ठेवता येत नाही. म्हणून तिथली लढाई लपवण्याच्या पलीकडं गेली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला आणि आठवड्याभरात घरांविषयीचा कायदा झाला. वंशामुळं खोली नाकारणं बेकायदा ठरलं. पण तिथलाही घरमालक आपल्या मालकासारखाच हुशार. तो काळा म्हणून नाही म्हणतच नाही. "खोली गेली हो" म्हणतो. त्यावर तिथल्या कार्यकर्त्यांनी युक्ती काढली. आधी काळा माणूस पाठवायचा, पाठोपाठ गोरा. दोघांची कमाई सारखी, कपडे सारखे. काळ्याला "गेली" आणि गोऱ्याला "या, बघा", की मालक सापडला. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ज्याला अशी खोटी माहिती दिली तो तपासनीस म्हणून गेलेला असला, त्याला खरी खोली नको असली, तरी तो खटला भरू शकतो. बघा, खोटं कोण बोललं, हा प्रश्न पहिल्यांदा योग्य माणसाला विचारला गेला.

अमेरिका म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. २०२३ साली त्याच न्यायालयानं विद्यापीठांच्या प्रवेशातला वंशाचा विचार मोडून काढला. आणि आपल्या लोकांनी जात तिकडंही नेली. त्याच वर्षी सिएटल शहरानं जातिभेदाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं मंजूर केलेला तसाच कायदा राज्यपालानं अडवला. आमच्या तिसऱ्या दोस्तानं हे वाचावं. 'कुणापैकी' विमानात बसून गेलंय.

आता आपल्या अंगणात. इथं सरकार म्हणतं, जात लिही, दाखला आण, तरच हक्क. तोही सरळ नाही. १९५६ ला धम्म घेतला, पण अनुसूचित जातींच्या केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडलं. समाज म्हणतो, जात लपव, तरच खोली. एका हातानं नाव लिहायचं, दुसऱ्या हातानं झाकायचं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलंच झालं. पण पाटी बदलली म्हणून पोस्टमन सोडून कुणाला रस्ता चुकलाय?

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. १९५५ च्या कायद्यात अस्पृश्यतेपायी राहत्या जागेला अडवणं हा गुन्हा आहे. पण कायदा पुरावा मागतो आणि भाच्याचा पुरावा कोण देणार? थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी नोकऱ्यांना पाठवले, २००७ साली त्याचा निष्कर्ष छापला. दलित आडनावाला बोलावणं कमी. २०१२ साली दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांचीही अशीच तपासणी झाली. म्हंजे युक्ती इथंही चालते. मग ती अभ्यासकांपुरतीच का राहावी? आपल्या तालुक्यात दोन पोरं पाठवायला काय लागतं? दोन पोरं आणि एक वही.

एवढं फिरून मी त्या खोलीकडं परत येतो. मला जे दिसलं ते असं. सगळे देश नावाचं काय करायचं यावर डोकं फोडतात. पुसा, झाका, मोजा, बदला. अन्याय नावात नाही, विचारण्यात आहे. ज्या कायद्यानं विचारणाऱ्याला जबाब द्यायला लावलं, तो थोडा तरी कामी आला. ज्या धोरणानं सांगणाऱ्याला गप्प बसवलं, त्यानं त्याच्या घरात एक ट्रंक ठेवली.

मालकाशी खोटं बोललो याचं मला पाप वाटत नाही. ज्याला विचारायचा हक्क नाही, त्याला खरं उत्तर मिळण्याचाही हक्क नाही. पण आईला ट्रंक दाखवली, ते माझं. तिथं मालक नव्हता. दार बंद होतं. तिथं मी एकटा होतो आणि तरी फोटो घडीखाली होता. लपवता लपवता माणूस कुणापासून लपवतोय हेच विसरतो.

म्हणून कुणाला मी सांगत नाही की उठा आणि दारोदार नाव सांगा. ज्याच्या पोरीची उद्या परीक्षा आहे आणि डोक्यावर छप्पर नाही, त्यानं काय सांगायचं ते त्यानं ठरवावं. त्याला भ्याड म्हणणारा मी कोण? मी आता जागा बघायला जातो तेव्हा आधी 'जय भीम' म्हणतो. वेळ लागतो. चपला झिजतात. कोण नाही म्हणालं, काय कारण सांगितलं, ते तारखेसकट वहीत लिहितो.

वही अर्धी भरलीय. तुमच्याकडंही असेल तर सांगा, एकत्र ठेवू.