परीक्षा की वेठबिगार?

बजाजनगरमध्ये जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. अभियांत्रिकी पदविका घेतलेला. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. कामाच्या शोधात येथे खोली घेऊन राहणारी मुले आजही पुष्कळ आहेत. त्यांपैकीच हा एक. एका कारखान्याने निवडीपूर्वी त्याला एका फिक्श्चरचा संपूर्ण आराखडा करून आणावयास सांगितले. चार रात्री जागून त्याने तो दिला. नोकरी तर नाहीच, उत्तरही आले नाही. पुढे तेथेच कंत्राटावर असलेल्या मित्राने सांगितले, की त्याच आराखड्याचे फिक्श्चर यंत्रावर बसले आहे. "मौलाना, मजुरी तर काही ठरली नव्हती. मग माझा हक्क उरतो का?"

माणूस पारखून घेणे हा मालकाचा अधिकार आहे. सूरह अल-कससमध्ये मदयनच्या वृद्ध गृहस्थांची कन्या वडिलांना सुचविते, की यांना कामावर ठेवावे, कारण सबळ आणि विश्वासू माणूसच त्यास उत्तम (२८:२६). परंतु त्याआधीची आयतही वाचावी. ह. मूसा (अ.) यांनी त्या बहिणींच्या जनावरांना पाणी पाजले ते केवळ परोपकार म्हणून, मोबदला ठरला नव्हता, मागितलाही नव्हता. तरी वडिलांचा पहिला निरोप आला तो त्या कामाचा मोबदला देण्यासाठी (२८:२५). नोकरीची बोलणी नंतर झाली, तीही मुदत स्पष्ट ठरवून. भाष्यकार म्हणतात, की मूसा (अ.) यांचे बळ त्या विहिरीवरच दिसून आले. म्हणजे ज्या कामातून पारख झाली, त्या कामाचाही मोबदला वेगळा मानला गेला.

फिकहचा नियमही असाच आहे. मजुरी न ठरविता काम करून घेतले आणि करणाऱ्याने ते दान म्हणून केलेले नसेल, तर प्रचलित दराची मजुरी, उजरत-ए-मिस्ल, देय होते. तासाभराची कसोटी, जिचा कागद नंतर टोपलीत जातो, ती परीक्षा. ज्याचा उपयोग कारखान्यात होतो, ते काम. आणि काम पूर्ण घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असे बुखारीतील हदीस सांगते.

कोणी म्हणेल, त्याने राजीखुशीने केले. पण गरजवंताची राजीखुशी किती खरी? संविधानाचे २३ वे कलम वेठबिगारीस मनाई करते. आणि १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक निकडीतून येणारी सक्ती हीदेखील सक्तीच मानली.

हे बोट केवळ कारखान्यांकडे दाखवून आपण सुटत नाही. इमामतीसाठी एका मशिदीत मी तीन जुमे खुत्बा दिला. निवड झाली नाही. प्रवासभाडेही मिळाले नाही. मी ते सवाब समजून सोडले. मात्र हक्क सोडणे हे हक्कदाराच्या हाती असते. समितीने ते गृहीत धरणे हा दुसऱ्याच्या मालावर हात टाकणे होय. आपल्या वर्कशॉपमध्ये, शाळेत, दुकानात 'दोन दिवस काम करून दाखव' म्हणताना हा फरक आपण पाळतो का?

त्या तरुणाला मी सांगितले, "बेटा, तुझा हक्क आहे. सब्र म्हणजे मौन नव्हे. नम्र शब्दांत पत्र लिही, कामाचे दिवस आणि रक्कम नमूद कर. पुढच्या वेळी काम हाती घेण्यापूर्वीच विचार, की याचा उपयोग करणार असाल तर मोबदला काय?" पत्राचा मसुदा आम्ही दोघांनी अस्रपूर्वी मशिदीतच बसून तयार केला.