पाण्यात माशांचा वाटा

उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो आणि अनेक घरांत त्या दिवशी मासे शिजतात. आपल्या आष्टीच्या बाजारात पाटीत काय असते? बहुधा चिलापी, नाहीतर रोहू, कटला, सायप्रिनस. मरळ क्वचित दिसते, आणि तिचा भाव ऐकून आपण पुढे सरकतो. वाम आणि शिवडा ही नावे तर आपल्या मुलांनी ऐकलेलीही नसतात. हे असे का झाले, याचा विचार या दिवसांत करणे अप्रस्तुत ठरू नये. त्यात आपल्या आचरणाचाच प्रश्न दडलेला आहे.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती श्रीलंकेतून भारतात आणली गेली. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा यावा, हा हेतू चांगलाच होता. सायप्रिनसही परदेशी. रोहू-कटला उत्तरेतल्या नद्यांचे. आपल्याकडे त्यांचे बीज तलावांत सोडले जाते. मग मूळचे मासे हटले ते या पाहुण्यांमुळे का? अर्धे उत्तर तेवढेच आहे. उरलेले अर्धे नदीच्या पाण्यात शोधावे लागेल.

आपला तालुका पर्जन्यछायेतला. सीना आपल्या सीमेवरून वाहते आणि पुढे सोलापूरच्या दक्षिणेला भीमेला मिळते. इथले मूळचे मासे या नदीचा स्वभाव ओळखून होते. उन्हाळा ते खोल डोहांत काढायचे. मृगाचा पहिला लोंढा आला की त्यांतले पुष्कळ मासे प्रवाहाविरुद्ध वर चढायचे आणि वाहत्या, ताज्या पाण्यात अंडी घालायचे. यालाच आपण चढणीचे मासे म्हणतो. वाहते पाणी ही त्यांची चैन नव्हे, तो त्यांचा पाळणा आहे.

आता धरणे, बंधारे, विहिरी, विंधनविहिरी आणि वाळूउपसा यांमुळे प्रवाह लवकर तुटतो. डबकी उरतात. त्यांतले पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो. चिलापीला हे सारे सोसते. साचलेल्या पाण्यातही ती वर्षातून अनेकदा विते, अंडी आणि पिले तोंडात धरून सांभाळते. विदेशी मांगूर तर वर येऊन हवेतला श्वास घेतो आणि अडकलेल्या लहान माशांना खातो. त्याच्या पालनावर २००० साली बंदी आली, २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा कडक आदेश दिला, तरी चोरून पालन चालूच राहिले. म्हणजे पाहुणा आपण आणला आणि यजमानाचे घरही आपणच मोडले.

मग दोष माशाला कसा द्यावा? 'बाहेरचा' हा शब्द आपण तरी जपून वापरावा. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला परमुलखात जातात. परक्या ठिकाणी परका म्हणवून घेणे काय असते, हे त्यांना विचारा. पिलांना तोंडात जपणारी चिलापी पापी नाही. पाप करायला विवेक लागतो, आणि तो देवाने आपल्याला दिला आहे.

कोणी म्हणेल, "इथे माणसांना टँकरची वाट पाहावी लागते आणि तुम्ही माशांना पाणी द्या म्हणता?" हा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. तहानलेल्या माणसाचा हक्क पहिला, त्यानंतर गुराढोरांचा. याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु नदी आटते ती केवळ तहानेमुळे का? महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीपैकी अगदी थोड्या जमिनीवर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो पितो. गरज आणि हाव यांतला फरक ओळखणे, यालाच उपवास म्हणतात.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाचा पहिला आशीर्वाद कोणाला मिळाला, हे आपण विसरतो. पाचव्या दिवशी, मनुष्याच्या निर्मितीपूर्वी, तो जलचरांना आणि पक्ष्यांना मिळाला: फलद्रूप व्हा, पाणी भरून टाका. आपल्याला सत्ता मिळाली ती त्यानंतर. आधी दिलेला आशीर्वाद रद्द करण्याचा अधिकार त्या सत्तेत येत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हेच बजावले की, प्रत्येक जीवाला आपल्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे.

आशा मात्र आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्युटा नावाची एक छोटी नदी आहे. धरणाखाली ती दुष्काळात कोरडी पडली, तेव्हा काठच्या लोकांनी न्यायालयात दाद मागितली. २००० साली समझोता झाला आणि वर्षभर थोडे पाणी, तसेच विणीच्या काळात थोडे अधिक पाणी सोडणे सुरू झाले. काही वर्षांत नदीच्या मोठ्या भागात मूळचे मासे पुन्हा बहुसंख्य झाले. फार पाणी लागले नाही, पण ते वेळेवर मिळाले. आपल्या देशाच्या २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही नदीसाठी काही प्रवाह राखावा, असे म्हटले आहे. कागदावरचे ते वाक्य काठावर आणणे आपल्या हाती आहे.

या उपवासकाळात आपण एवढे तरी ठरवू या. शेवटच्या डोहावर मोटार लावणार नाही. पहिल्या पुरात चढणारे गाभोळीचे मासे धरणार नाही. मांगुराचे किंवा शोभेच्या माशांचे बीज नदीनाल्यात सोडणार नाही. आणि ग्रामसभेत नदीच्या वाट्याचा विषय निघाला तर गप्प बसणार नाही.

यहेज्केल संदेष्ट्याने मंदिरातून निघालेली नदी पाहिली. ती जिथे जिथे गेली, तिथे मासे विपुल झाले. आपल्या वेदीपासून सीनेपर्यंत असाच एक झरा वाहावा आणि त्याची सुरुवात आपल्यापासून व्हावी, हीच प्रभुचरणी प्रार्थना.