दुधाचा दर आणि तिचा रोज

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात सरकारी भाव नसतो. रुमालाखाली बोटं धरली जातात, पटलं तर दावं दुसऱ्याच्या हातात, नाही तर बैल परत घरी. तिथं सरकारनं दर ठरवावा असं मला कधी वाटलं नाही. दुधाला मात्र मी सरकारी दर मागतो. हा न्याय की नुसती सोय, हे मनाशी तपासून बघायलाच हवं.

बैल माघारी आणता येतो, दूध आणून करायचं काय? कॅन काट्यावर चढला की चिठ्ठीवर येईल तो फॅट, येईल तो एसएनएफ आणि डेअरी देईल तो दर. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला ३४ रुपये ठरवले. वर्ष सरता सरता हातात पंचवीस-सव्वीस पडू लागले. मग गायीच्या कानात बिल्ला असेल तर ५ रुपये अनुदान आलं. जुलै २०२४ ला डेअरीचे ३० आणि सरकारचे ५, ऑक्टोबरपासून डेअरीचे २८ आणि सरकारचे ७. बेरीज ३५ च. डेअरीचे दोन रुपये वाचले, ते तिजोरीनं भरले. उसाचे पैसेही थकतात, पण १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश १४ दिवसांत पैसे द्यायला सांगतो, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. भांडायला काहीतरी हातात असतं. दुधाला तेच हवं.

दर चढला होता तेव्हा मी कमाल दराचं नाव काढलं नव्हतं, हेही खरं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मी संतापलो, आजही संतापेन. शहराला स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारनं बाजारभावानं घेऊन द्यावा. म्हणजे मला खालची मर्यादा हवी, वरची नको. याला माझ्याकडे आधार एकच आहे : ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याच्यामागं कायदा असावा.

हाच आधार गोठ्यापर्यंत नेला की मी समोरच्या बाजूला जाऊन बसतो. शेण काढायला, खुरपायला येणाऱ्या बाईचा दिवस दुधासारखाच, आज गेला की गेला. शेतमजुरीचं किमान वेतन कागदावर आहे. वस्तीवर मात्र आम्ही ठरवू तो रोज चालतो आणि बाईचा पुरुषाहून कमी. लिटरला ४० रुपये मागताना खर्चाच्या वहीत पेंड, मुरघास, डॉक्टर सगळं पैशापैशानं लिहितो. मजुरीच्या रकान्यात पुरुषाचा रोज धरायचा आणि तिच्या हातावर कमी ठेवायचे, हे डेअरीच्या कपातीपेक्षा वेगळं नाही. रोज वाढवला तर आजच्या दरात गोठा तोट्यात जातो, हेही खोटं नाही. तरी पुढच्या निवेदनावर सही करण्याआधी दोघांचा रोज एकच धरून, तोच तिला देऊन खर्च काढायचा. ४० चे ४२ झाले तरी तेवढेच मागायचे.